संधी आणि पणबंध : संशोधकांविषयीच्या एका कराराची चिकित्सा

(१)

'संधी' हा शब्द मराठीत तीन निरनिराळ्या व्यवहारांत वावरतो. दोन वर्ण निकट आले असता त्यांचा जो मिलाफ होतो त्यास वैयाकरण संधी म्हणतात. दोन पक्षांनी अटी ठरवून केलेल्या तहास राजनीतिशास्त्र संधी म्हणते. आणि एखाद्या कार्यास अनुकूल असा जो काळ लाभतो त्यासही व्यवहारात संधी असेच नाव आहे. तिन्ही अर्थांच्या मुळाशी 'सम्' हा उपसर्ग आणि 'धा' हा धातू आहे. एकत्र ठेवणे, जोडणे हा त्यांचा समान आशय होय. 'सांधा' हा तद्भव शब्दही त्याच कुळातला. संस्कृतात पुल्लिंगी असलेला हा शब्द 'अनुकूल काळ' ह्या अर्थी मराठीत स्त्रीलिंगी झाला आणि त्याबरोबरच जोडण्याचा मूळ आशय बोलणाऱ्याच्या जाणिवेतून बराचसा मावळला. 'संधी मिळाली' असे म्हणताना कशाची कशाशी जोड झाली, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

विद्यापीठीय जगात मात्र हा विसरलेला प्रश्न पुन्हा विचारणे अवश्य झाले आहे. पीएच.डी. संपादन केलेला, परंतु कायम पद न लाभलेला, आणि म्हणून ठराविक मुदतीच्या नेमणुकीवर संशोधन करणारा असा एक मोठा वर्ग गेल्या काही दशकांत अनेक देशांत निर्माण झाला. ह्या वर्गातील संशोधकास 'पोस्टडॉक' म्हणण्याचा प्रघात आहे. त्यास व्यावसायिक विकासाच्या संधी उपलब्ध करून देणे हे विद्यापीठाचे कर्तव्य होय, हे मत आता सामान्यतः मान्य झालेले दिसते. ह्या कर्तव्याची अत्यंत तपशीलवार मांडणी ब्रिटनमधील एका करारात आढळते. संशोधकांच्या कारकीर्द-विकासास साहाय्य करण्याविषयीचा हा करार तेथे 'कॉन्कॉर्डॅट' ह्या नावाने ओळखला जातो. त्याच्या २०१९ च्या पाठाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही चिकित्सा मुख्यतः भाषेच्या अंगाने करावयाची आहे. कारण करार म्हणजे प्रथमतः वाक्यांचा समुच्चय, आणि कोणास कशाने बांधले व कोणास मोकळे सोडले हे वाक्यरचनेतच उघड होत असते.

(२)

'कॉन्कॉर्डॅट' हा शब्द यूरोपच्या इतिहासात पोप आणि राज्यसत्ता ह्यांच्यामधील तहासाठी रूढ झाला. संशोधकांविषयीच्या करारास तो १९९६ मध्ये प्रथम लावण्यात आला. २००८ मध्ये सात तत्त्वांचा नवा पाठ सिद्ध झाला आणि २०१९ मध्ये ती सात तत्त्वे तिनात समाविष्ट करण्यात आली : परिस्थिती व संस्कृती, नोकरी, आणि व्यावसायिक व कारकीर्दविषयक विकास. प्रत्येक तत्त्वाखाली चार पक्षांची कर्तव्ये सांगितली आहेत. हे चार पक्ष म्हणजे संशोधकास नोकरीवर ठेवणारी संस्था, निधी पुरविणारी संस्था, संशोधकाचा वरिष्ठ, म्हणजे बहुधा प्रकल्पप्रमुख, आणि स्वतः संशोधक.

ह्या कराराचे गुण प्रथम नमूद करणे न्याय्य होईल. १९९६ पूर्वी मुदतीवरील संशोधकाचा विचार प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातील एक खर्चाची बाब एवढ्यापुरताच होत असे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्यास स्वतंत्र भवितव्य आहे आणि त्याविषयी इतरांची काही जबाबदारी आहे, हा विचार कराराने लेखी मान्य केला. वरिष्ठाने वर्षातून निदान एकदा संशोधकाशी त्याच्या कारकीर्दीविषयी विचारविनिमय करावा, असे त्याने स्पष्टपणे सांगितले. विद्यापीठाबाहेरील व्यवसायात जाणे म्हणजे अपयश नव्हे, हेही त्याने गृहीत धरले. हे शेवटचे विधान वस्तुस्थितीस धरून आहे. रॉयल सोसायटीने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार विज्ञानात पीएच.डी. झालेल्यांपैकी सुमारे ३.५ टक्के विद्यापीठांत कायम संशोधक होतात, आणि प्राध्यापकपदापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ०.४५ टक्के, म्हणजे दोनशेत एकाहूनही कमी पडते. ज्या मार्गाच्या शेवटी इतक्या थोड्या जागा आहेत तो एकमेव मार्ग आहे असे भासविणे हे अप्रामाणिकपणाचे ठरले असते. कराराने तो अप्रामाणिकपणा टाळला, हे श्रेय त्यास दिले पाहिजे.

(३)

कराराच्या विकासविषयक तत्त्वाचा केंद्रबिंदू म्हणजे एक संख्या. प्रत्येक संशोधकास प्रतिवर्षी व्यावसायिक विकासासाठी किमान दहा दिवस लाभावेत. नेमणूक अंशकालीन असल्यास त्या प्रमाणात कमी. चारही पक्षांच्या कर्तव्यांत ही संख्या येते, परंतु प्रत्येक ठिकाणी क्रियापद निराळे आहे. संस्थेने दहा दिवसांच्या विकासासाठी संधी, साहाय्य व वेळ 'पुरवावा'. निधी देणाराने दहा दिवसांची अपेक्षा अनुदानाच्या अटींत 'अंतर्भूत करावी'. वरिष्ठाने ते दिवस 'नेमून द्यावेत'. आणि संशोधकाने त्या दिवसांत विकासकार्यात 'भाग घ्यावा'.

कारकांच्या दृष्टीने ह्या चार वाक्यांकडे पाहिले असता एक गोष्ट ताबडतोब लक्षात येते. कर्ता प्रत्येक वाक्यात आहे, कर्मही आहे. पहिल्या व तिसऱ्या वाक्यांत संशोधक संप्रदानस्थानी आहे, म्हणजे ज्यास द्यावयाचे तो. चौथ्या वाक्यात तोच कर्ता होतो. अभाव आहे तो अपादानाचा. दहा दिवस द्यावयाचे, पण कशातून? वियोग घडत असताना जे स्थिर राहते ते अपादान, असे पाणिनीय परंपरा मानते. येथे स्थिर राहणारी वस्तू म्हणजे प्रकल्प. त्याची अखेरची तारीख स्थिर, त्यातून अपेक्षित असलेले शोधनिबंध स्थिर, आणि त्यांवर अवलंबून असलेले पुढील अनुदानही स्थिर. वरिष्ठाने संशोधकास संशोधन व विकास ह्यांचा तोल सांभाळण्यास साहाय्य करावे, असे करार सांगतो; परंतु ज्या कार्यातून दहा दिवस वजा होतात त्या कार्याचा भार किती हलका व्हावा, किंवा मुदत किती वाढावी, ह्याविषयी ही चार वाक्ये मौन पाळतात. जे दिवस कोठूनही वजा होत नाहीत ते व्यवहारात संशोधकाच्या रविवारातून आणि रात्रीतून वजा होतात, हे सांगावयास व्याकरणाची गरज नाही.

ह्या संख्येची पूर्वपीठिकाही पाहण्यासारखी आहे. २००२ मध्ये सर गॅरेथ रॉबर्ट्स ह्यांनी ब्रिटिश शासनाच्या अर्थखात्यासाठी विज्ञान व अभियांत्रिकी क्षेत्रांतील मनुष्यबळाविषयी अहवाल सादर केला. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांस प्रतिवर्षी किमान दोन आठवडे सर्वोपयोगी कौशल्यांचे शिक्षण मिळावे, अशी शिफारस त्यात होती. तदनंतर २००३ पासून २०११ पर्यंत पीएच.डी.चे विद्यार्थी आणि मुदतीवरील संशोधक ह्या दोहोंच्या शिक्षणासाठी प्रतिवर्षी सुमारे २ कोटी पौंडांचा स्वतंत्र निधी विद्यापीठांस मिळत होता. तो स्वतंत्र निधी पुढे बंद झाला. कामाच्या दिवसांत मोजल्यास दोन आठवडे म्हणजे दहाच दिवस होतात. अर्थात २०१९ च्या करारात जे प्रमाण दृष्टीस पडते ते जुन्या प्रमाणाशी जुळणारे आहे. मात्र त्या प्रमाणामागे जो पैसा उभा होता तो आता नाही.

(४)

विकासविषयक तत्त्वावरून नोकरीविषयक तत्त्वाकडे वळल्यावर विध्यर्थाच्या योजनेतला भेद नजरेत भरतो. कराराची बहुतेक कर्तव्ये 'केले पाहिजे' ह्या अर्थाच्या निःसंदिग्ध विध्यर्थाने व्यक्त केलेली आहेत. दहा दिवसांविषयीची वाक्ये अशीच आहेत. परंतु संशोधकाच्या नोकरीच्या शाश्वतीचा प्रश्न येतो तेथे संस्थेने ती शाश्वती 'वाढविली पाहिजे' असे करार म्हणत नाही. ती वाढविण्याचा 'प्रयत्न केला पाहिजे' असे म्हणतो. उदाहरण म्हणून बेमुदत नेमणुकांचा अधिक वापर आणि मुदत संपलेल्या संशोधकास अन्य कामावर सामावून घेण्याची अधिक परिणामकारक पद्धती ह्यांचा निर्देश आहे. पण किती नेमणुका, किती वर्षांत, कोणाच्या खर्चाने, ह्यांपैकी एकही परिमाण दिलेले नाही.

'पाहिजे' आणि 'प्रयत्न केला पाहिजे' ह्यांत केवळ एका शब्दाचे अंतर आहे असे वरवर पाहता वाटेल. वस्तुतः येथे विध्यर्थाचा विषयच बदलतो. पहिल्या रचनेत फलाची आज्ञा आहे. दुसऱ्या रचनेत यत्नाची आज्ञा आहे, आणि फल मोकळे आहे. यत्न झाला की आज्ञा पाळली गेली, मग फल मिळो अथवा न मिळो. अशा रीतीने ज्या बाबीत विद्यापीठास अल्प खर्च येतो तेथे करार संख्येने बोलतो, आणि ज्या बाबीत त्याच्यावर दीर्घकालीन भार पडतो तेथे तो प्रयत्नाच्या भाषेचा आश्रय घेतो. हा भेद हेतुपुरस्सर केला असेलच असे नाही. अनेक पक्षांनी मिळून तयार केलेल्या दस्तऐवजात ज्यावर एकमत होते ते ठाशीव होते आणि ज्यावर होत नाही ते शिथिल होते, हा सामान्य अनुभव आहे. परंतु परिणाम व्हावयाचा तो होतोच.

ह्या शैथिल्यास पार्श्वभूमी म्हणून ब्रिटनमध्ये कायदा आहे, हे सांगणे इष्ट होय. २००२ च्या मुदती नोकरांविषयीच्या नियमांनुसार लागोपाठच्या मुदतवाढींनी चार वर्षे सेवा झालेल्या नोकरास कायम समजावे लागते. मात्र तसे न करण्यास वस्तुनिष्ठ कारण दाखविता आल्यास ही तरतूद लागू होत नाही. शिवाय कायम ठरलेल्या संशोधकाचे पदही प्रकल्पाचे अनुदान संपताच अनावश्यक ठरू शकते. म्हणजे कायदा नेमणुकीचे नाव बदलू शकतो. तिच्या मागचा पैसा तो निर्माण करू शकत नाही. कराराने हीच उणीव भरून काढावयाची होती, आणि नेमके तेथेच त्याचे क्रियापद सैल पडते.

(५)

कौटिल्याने षाड्गुण्याच्या विवेचनात संधीचे लक्षण 'पणबंध' ह्या एका पदात सांगितले आहे. 'पण' म्हणजे ज्यावर दोन्ही पक्ष काही लावतात ती अट. संधी म्हणजे नुसती सदिच्छा नव्हे. वचन मोडल्यास ज्याची हानी होईल असे काहीतरी प्रत्येक पक्षाने त्यात गुंतविलेले असते. हे लक्षण लावून पाहिल्यास प्रस्तुत करारातील चार पक्षांची स्थिती सारखी नाही, असे दिसून येते.

संस्था करारावर स्वेच्छेने स्वाक्षरी करते. स्वाक्षरीनंतर वर्षाच्या आत आपल्या उणिवांचा आढावा आणि कृतियोजना प्रसिद्ध करणे तिच्यावर बंधनकारक आहे. ही अट चांगली आहे, परंतु ती अहवालाची अट आहे. योजना अंशतः सफल झाली, हे सांगणारा अहवालही अट पुरी करतोच. संस्थेचे जे पणास लागते ते फार तर तिचे नाव. निधी देणाराचा पण त्याहूनही हलका आहे. वरिष्ठाचा पण प्रकल्प यशस्वी होण्यात आहे, आणि प्रकल्पाचे यश संशोधक त्या दहा दिवसांत काय शिकला ह्यावर सहसा मोजले जात नाही. उरला संशोधक. त्याने स्वतःच्या कारकीर्दीची जबाबदारी स्वतः स्वीकारावी, तिची अद्ययावत योजना ठेवावी, आपल्या अनुभवाचे पुरावे जमवावेत, असे करार सांगतो. ह्या कर्तव्यांत वावगे काहीच नाही. पण ती पाळण्यात कसूर झाल्यास जाते ते संशोधकाचे आयुष्यातील वर्ष, आणि इतर तिघांनी कसूर केल्यासही तेच जाते. चौघांच्या करारात पण मात्र एकाचाच लागलेला आहे. कौटिल्याच्या अर्थाने त्यास संधी म्हणणे कठीण आहे.

ह्याच अंगाने २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधक-विकासाच्या आराखड्याकडेही पाहता येईल. चांगल्या संशोधकाच्या अंगी काय काय असावे, ह्याची चार क्षेत्रे, बारा उपक्षेत्रे आणि त्रेसष्ट वर्णने त्यात दिली आहेत. विषयज्ञानापासून वेळेच्या नियोजनापर्यंत आणि अनुदान मिळविण्यापासून लोकशिक्षणापर्यंत सर्व काही तेथे आहे. कोश म्हणून हे काम उपयुक्त आहे. परंतु कोशातील शब्द कितीही पाठ केले तरी त्यांनी वाक्य सिद्ध होत नाही. शब्दांस विभक्ती लागावी लागते, त्यांचा परस्परांशी अन्वय व्हावा लागतो. त्रेसष्ट गुणांपैकी कोणता गुण कोणत्या पदाशी, कोणत्या कामाशी अन्वित होतो, हे आराखडा सांगत नाही.

(६)

असा अन्वय मुळात शक्य आहे काय, अशी शंका येथे घेता येईल. तिच्या उत्तरार्थ भाषाविज्ञानाच्याच क्षेत्रातले एक जुने उदाहरण तुलनेस घेण्याजोगे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्थेत रूपांतर झाले. डॉ. सु. मं. कत्रे ह्यांच्या संचालकत्वाखाली १९५४ पासून तेथे रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने भाषाविज्ञानाचा एक व्यापक उपक्रम सुरू झाला. काही आठवडे चालणारे वर्ग भरविण्यात आले. चार्ल्स फर्ग्युसन, जॉन गम्पर्झ इत्यादी अमेरिकन भाषाविज्ञ अध्यापनास आले. भारतीय अभ्यासक अमेरिकेत गेले. संस्कृत-प्राकृतांच्या ऐतिहासिक अभ्यासात मुरलेले, स्वतः अध्यापन करणारे विद्वानही ह्या वर्गांत वर्णनात्मक पद्धती शिकण्यास बसले. आजच्या परिभाषेत हाच व्यावसायिक विकास होय.

त्या विकासास सांधा होता. जे शिकले ते ज्यासाठी वापरावयाचे ते कार्य समोर होते, आणि ते कार्य करण्यासाठी पदे निर्माण होत होती. अशोक केळकर ह्यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिविचार-पदविचारावर पीएच.डी. मिळविली, आणि पुढे डेक्कन कॉलेजात दीर्घकाळ अध्यापन केले. प्राकृतांचे अधिकारी अभ्यासक डॉ. अ. मा. घाटगे ह्यांची मराठी बोलींच्या पाहणीची पुस्तके १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्याच संस्थेतील संस्कृत महाकोशाची योजना १९४८ ची. तिचा पहिला भाग बाहेर पडला तो १९७६ मध्ये. अठ्ठावीस वर्षे शब्दपट्ट्या गोळा करणे, लावणे व तपासणे चालू ठेवणारे हात दर दोन वर्षांनी बदलत गेले असते तर तो भाग केव्हा बाहेर पडला असता, ह्याची कल्पना करावी. कोशकार दहा दिवसांत घडत नाही. आणि घडल्यावर त्यास जाऊ दिले तर त्याच्याबरोबर जाणारे ज्ञान कोणत्याही अहवालात उतरून ठेविता येत नाही.

हे उदाहरण आदर्श म्हणून पुढे करण्याचे कारण नाही. तो विद्यापीठांच्या विस्ताराचा काळ होता. नवे विभाग निघत होते आणि पैसा परक्या प्रतिष्ठानाचा होता. आज विस्तार त्या गतीने होत नाही. तथापि त्यावरून एवढे निश्चित सिद्ध होते, की शिक्षण, कार्य आणि पद ह्या तिहींची योजना एकत्र केली असता 'विकास' ह्या शब्दास अर्थ येतो. त्यांतील पहिले अंगच तेवढे उचलून त्यास संधी म्हणणे हा अलीकडचा संकोच आहे.

(७)

भारतात ह्या प्रश्नाचे रूप काहीसे निराळे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीस उमेदवार निवडण्यासाठी १०० गुणांचा तक्ता दिला आहे. त्यात पीएच.डी.स ३० गुण आहेत. नेट परीक्षेस ५ आणि कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसह नेट असल्यास ७. अध्यापनाच्या अथवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या अनुभवास प्रत्येक वर्षी २ याप्रमाणे जास्तीत जास्त १० गुण ठेविले आहेत. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने सुरू केलेली राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची आहे. स्पर्धेतून ती मिळविणाऱ्या संशोधकाच्या पदरात ह्या रकान्यात पडतात ते ४ गुण, म्हणजे नेट परीक्षेच्या गुणांहून एक कमी. त्या दोन वर्षांत लिहिलेल्या शोधनिबंधांस निराळे गुण आहेत, हे खरे. परंतु अनुभव म्हणून ज्याची गणना होते ते केवळ कालमान. त्या काळात संशोधकाने विद्यार्थ्यांस मार्गदर्शन केले काय, नवी पद्धती आत्मसात केली काय, स्वतंत्र प्रकल्पाची आखणी केली काय, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नाही.

उलटपक्षी पदावर असलेल्या अध्यापकाची स्थिती पाहावी. त्याच विनियमांत पहिल्या पदोन्नतीसाठी एकवीस दिवसांचा उद्बोधन वर्ग आवश्यक ठरविला आहे. त्या वर्गाच्या गुणवत्तेविषयी मतभेद असू शकतील. पण तो वर्ग आणि पदोन्नती ह्यांच्यामध्ये सांधा आहे, ह्यात शंका नाही. ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याच्या विकासास सांधा, आणि ज्यास जमीन शोधावयाची आहे त्याच्या विकासाची नुसती वर्षे मोजावयाची, असा हा विपर्यास आहे. ब्रिटिश करारात तपशील विपुल पण पण दुर्बल. भारतीय विनियमांत बंधन आहे पण पीएच.डी.नंतरच्या संशोधकाच्या विकासाची कल्पनाच नाही.

दोहोंच्या तुलनेवरून पुढील दिशा सुचविता येते. विकासासाठी दिलेले दिवस प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आणि वेळापत्रकात स्वतंत्रपणे दाखविले जावेत, म्हणजे वाक्यातील अपादान स्पष्ट होईल. नवे अनुदान देताना प्रकल्पप्रमुखाचे पूर्वीचे संशोधक पुढे कोठे स्थिरावले, हेही विचारले जावे, म्हणजे वरिष्ठाचा पण लागेल. आणि कोश, बोलींची पाहणी, हस्तलिखितांच्या सूची ह्यांसारख्या दीर्घ कार्यांसाठी विद्यापीठांनी थोडीच का होईना, पण मुदतीची नसलेली संशोधकपदे राखावीत, म्हणजे शिकलेल्यास शिकलेले वापरण्याचे स्थळ राहील. ह्यांतील तिसरी सूचना सर्वांत खर्चाची आहे, आणि पहिल्या दोहोंचे मोल बव्हंशी तिच्यावरच अवलंबून आहे. पस्तिशी उलटलेला, चार नेमणुका पुऱ्या केलेला संशोधक पाचव्या अर्जासोबत जोडण्यासाठी प्रमाणपत्रे लावीत असतो, तेव्हा त्यास आणखी एका कार्यशाळेचे निमंत्रण देणे विद्यापीठास सहज शक्य असते. ते निमंत्रण त्याच्या कोणत्या उद्याशी जोडलेले आहे, हे त्यास सांगता येते किंवा नाही, हीच अशा प्रत्येक योजनेची कसोटी मानावी लागेल.